एक खांदा, तीन नावं: दांडिया बाजाराजवळच्या आयुर्वेद क्लिनिकचा अनुभव

पाचपैकी साडेतीन. एक गुण कापला बिलातल्या शब्दांसाठी, अर्धा कापला गोळ्यांच्या डबीसाठी. तेल लावणाऱ्या भाईच्या हातांना मात्र पैकीच्या पैकी.

क्लिनिकचं नाव लिहीत नाही. जी तक्रार होती ती वैद्यांच्या तोंडावर केली आहे, त्यांनी ती ऐकून घेतली आहे, आणि माणूस चांगला आहे. दांडिया बाजाराच्या अंगाला एका जुन्या वाड्याचा तळमजला, पुढे औषधांचं काउंटर, मागे दोन टेबलं आणि पडदे. एवढी खूण बडोदेकराला पुरे.

मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. चौतीस वर्षं छापखान्यात काढली, त्यातली शेवटची बावीस औषधांची लेबलं, खोकी आणि आतली घडीची पत्रकं छापण्यात. या गावाला औषधांच्या कारखान्यांची सवय जुनी आहे. अलेंबिक 1907 पासूनची. अलेंबिक म्हणजे अर्क काढायचा भबका. शब्द अरबीतला, युरोप फिरून आमच्याकडे आला. आता ‘भबका केमिकल वर्क्स’ अशी पाटी डोळ्यांपुढे आणून बघा. नाव काय काम करतं ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. तरीही स्वतःच्या खांद्याच्या वेळी फसलोच.

दिवाळीनंतर उजव्या खांद्यात कळ यायला लागली. आधी शर्टाची बाही चढवताना, मग रात्री कुशीवर वळताना. उत्तरायणाला नातवाची फिरकी धरून गच्चीत बसलो, पतंगाला हात लावता आला नाही. तोवर हात कानापर्यंतही जाईना. माझी मावशी 84 वर्षांची, तिनं हात धरून एकदा वर केला, मी ओरडलो, तिनं सोडला. म्हणाली, “खांदा आखडलाय रे तुझा. निर्गुडीचा पाला तापवून शेक, आणि भिंतीवर बोटं चढव रोज. वर्षभर छळेल, मग सुटेल.”

मी हसून विषय टाळला. मावशीचं ‘आखडलाय’ हे मला निदान वाटलंच नाही. दार आखडतं, मान आखडते, कडी आखडते. त्याला दवाखाना कशाला?

मग गेलो ओल्ड पादरा रोडवरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. फी 700, एक्स-रे वेगळा. डॉक्टरांनी हात चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, “ॲडहेसिव्ह कॅप्सुलायटिस.” खोटं कशाला सांगू, त्या दोन शब्दांनी जिवाला केवढा आराम पडला. म्हणजे आहे काहीतरी! घरी फोन करून बायकोला तेच सांगितलं, दोनदा, कारण पहिल्यांदा मलाच नीट म्हणता आलं नाही. ती म्हणाली, “अहो, म्हणजे काय झालंय?” ते मला कुठे माहीत होतं. डॉक्टरांना कारण विचारलं होतं तर म्हणाले, “बहुतेक वेळा इडिओपॅथिक असतं, पण तुम्हाला शुगर आहे, शुगरवाल्यांत जास्त दिसतं.” शुगरचं समजलं. इडिओपॅथिक घरी येऊन शोधलं. ग्रीक शब्द आहे: आपलं आपणच उद्भवलेलं दुखणं. म्हणजे कारण सापडलं नाही. मावशी तिथे असती तर ‘देव जाणे’ म्हणाली असती.

रिकामा माणूस, शोधत बसलो. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव 1934 साली बोस्टनच्या डॉ. कॉडमन यांनी दिलं, आणि त्याच वेळी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की याची व्याख्या करणं अवघड, उपचार अवघड आणि हे होतं कसं ते सांगणंही अवघड. 1945 मध्ये नेव्हियासर यांना सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन चिकटलेलं दिसलं, म्हणून त्यांनी नाव बदललं. ॲडहेसिव्ह म्हणजे चिकट, कॅप्सूल म्हणजे छोटी पेटी, आयटिस म्हणजे सूज. ‘गोठलेला खांदा’ शाळेतल्या पोरालाही कळतो. ‘चिकट पेटीची सूज’ मराठीत म्हणून बघा, कोणी 700 रुपये देणार नाही.

गोळ्यांनी पित्त खवळलं. चिठ्ठीवर वेदनेच्या गोळीपुढे ‘एसओएस’ लिहिलं होतं. हे लॅटिन आहे, अर्थ ‘गरज पडली तर’. आमच्या सोसायटीत एकजण अशीच गोळी रोज नेमाने घेत होते, कारण त्यांना वाटलं एसओएस म्हणजे तातडीची, चुकवायची नाही. मी किमान विचारलं तरी. तीन आठवड्यांनी आयुर्वेदाकडे वळलो.

इथून पुढे खरा रिव्ह्यू.

वैद्य पंचेचाळिशीचे, एम.डी. आयुर्वेद. अपॉइंटमेंट साडेदहाची, आत घेतलं सव्वाअकराला. फी 300. तपासणी हॉस्पिटलपेक्षा जास्त वेळ चालली, वीस मिनिटं धरा. नाडी, जीभ, झोप, पोट, मग हात. गंमत म्हणजे हात किती अंशात उठतो ते मोजायला त्यांनी ड्रॉवरमधून हॉस्पिटलातलाच प्लास्टिकचा कोनमापक काढला. मग म्हणाले, “काका, आ अवबाहुक कहेवाय.”

आणि पुन्हा तोच आराम! अवबाहुक! तोंडात घोळवत राहिलो. आता हा शब्द फोडून बघा, त्यात बाहू आहे. मी आत जाऊन म्हणालो हात वर जात नाही, त्यांनी तेच संस्कृतात मला परत दिलं. हॉस्पिटलात लॅटिन-ग्रीकमध्ये दिलं होतं. मावशीनं मराठीत दिलं होतं, तेव्हा मी हसलो होतो.

केसपेपर कॉम्प्युटरवर होता आणि अवबाहुकापुढे एक कोड छापलेला. हे काय, विचारलं. वैद्य खुशीत आले. आता आयुर्वेदातल्या रोगांनाही कोड आहेत, म्हणाले, आणि 10 जानेवारी 2024 ला दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या रोगांच्या यादीत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीचा भाग सुरू झाला. त्यांच्या स्वरात अभिमान होता आणि तो मला खोटा वाटला नाही. पण मनात आलं, दोन हजार वर्षांच्या संस्कृत शब्दाला वजन यायला शेवटी इंग्रजी अक्षरं आणि आकडेच लागले. 2020 मध्ये उलटं झालं होतं. आयुर्वेदाच्या पदव्युत्तर वैद्यांना शिकून करायच्या 58 शस्त्रक्रियांची यादी दिली, तिच्यात आधुनिक नावं होती, त्यावर ॲलोपथीचे डॉक्टर संपावर गेले. तेव्हा आयुष मंत्रालयाचं उत्तर असं होतं की पारिभाषिक शब्द साऱ्या मानवजातीचे आहेत, त्यांवर कोणाची मक्तेदारी नाही. भांडण सुरीवरून होतंच, पण शब्दांवरूनही होतं. आणि ज्यांचं ‘ॲलोपथी’ म्हणून नाव घेतात त्यांना ते नाव होमिओपथीच्या हानेमान यांनी हिणवायला दिलेलं आहे, हे किती जणांना ठाऊक असेल!

असो. उपचार.

सात दिवसांचं पॅकेज, 4200 रुपये. बिलावर तीन ओळी: एकांग अभ्यंग, नाडीस्वेद, नस्य. पहिल्या दिवशी पडद्यामागे गेलो. अभ्यंग म्हणजे कोमट तेलानं चोळणं. तो भाई दाहोदकडचा, फार बोलत नाही, पण अंगठा बरोबर जिथे दुखतं तिथेच ठेवतो, दाबत नाही, थांबतो. मी श्वास सोडला की मग पुढे सरकतो. त्याच्या हाताखाली माझा खांदा पहिल्यांदा माझ्यावर रागावलेला वाटला नाही. वीस मिनिटं. तेल महानारायण, वास तिळाचा आणि जुन्या लाकडी कपाटाचा.

मग नाडीस्वेद. मोठं काही यंत्र असेल असं वाटलं होतं. भाईनं पडद्यामागून पाच लिटरचा प्रेशर कुकर आणला. शिट्टीच्या जागी रबरी नळी बसवलेली, आत निर्गुडी आणि एरंडाचा पाला, खाली शेगडी. नळीच्या तोंडाला फडकं गुंडाळून वाफ खांद्यावर फिरवली. नळीला ‘नाडी’ म्हणायचं, घामाला ‘स्वेद’ म्हणायचं. झाला नाडीस्वेद, 250 रुपये. हसू नका, कारण हॉस्पिटलच्या फिजिओथेरपीच्या बिलावर ‘शॉर्टवेव्ह डायथर्मी, 400’ असं होतं. डायथर्मी हाही ग्रीक शब्द: आरपार ऊब. म्हणजे शेकच. तारेतून दिलेला शेक. मावशीच्या तव्यावरच्या पाल्यापासून इथपर्यंत शेक तोच, पावत्या वेगळ्या.

आता कोणी म्हणेल की यंत्राची ऊब खोलवर जाते, पाल्याची वरवर. जात असेल. मी वाफेनंतर हात पाच-सहा अंश जास्त उचलला, आणि डायथर्मीनंतरही तेवढाच.

नस्याबद्दल लिहायला हवं, कारण घाबरणारे घाबरतात. उताणं झोपवतात, कपाळाला-गालांना तेल, वाफ, मग मान खाली सोडून दोन्ही नाकपुड्यांत कोमट तेलाचे मोजून थेंब. डोळ्यांत पाणी येतं, घशात कडू-तेलकट काहीतरी उतरतं, ते गिळायचं नाही, थुंकायचं. खांद्याला नाकातून औषध का, विचारलं तर वैद्य म्हणाले ग्रंथांत अवबाहुकाला नस्यच सांगितलंय. सांगितलंय हे खरं. का सांगितलंय हे मला समजेल असं ते सांगू शकले नाहीत, ‘ऊर्ध्वजत्रु’ शब्द आला आणि मी मान डोलावली. ही माझी चूक. हॉस्पिटलातही मी अशीच मान डोलावली होती.

आता डबी. आयुष्यभर जे केलं ते इथे कामी आलं.

काउंटरवरच्या मुलानं महायोगराज गुग्गुळची डबी दिली. माझ्याकडे अजून छपाईच्या ठिपक्यांची जाळी तपासायचं भिंग आहे, खिशात असतं. घरी आणून लेबल वाचलं. गुग्गुळ, त्रिफळा, सुंठ, पिंपळी वगैरे ठीक. पुढे बारीक टायपात: वंग भस्म, रौप्य भस्म, नाग भस्म, लोह भस्म, अभ्रक भस्म, मंडूर, रससिंदूर. माझी नजर ‘नाग’वर अडली.

1985 साली कामाला लागलो तेव्हा मी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवत होतो. खिळा ओततात तो शिसं, कथील आणि अँटिमनीच्या मिश्रणातून. जेवायच्या आधी हात साबणानं दोनदा धुवायची आम्हाला सक्ती होती, आणि फोरमन नखं तपासायचा. नाग म्हणजे शिसं. वंग म्हणजे कथील. म्हणजे ज्या तीन धातूंचा खिळा होतो त्यांतले दोन गोळीत, वर रससिंदुरातला पारा. ज्या हातांनी खिळे धरले त्याच हातानं ती गोळी तोंडात टाकायची होती, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन.

दुसऱ्या दिवशी मुलाला विचारलं, नाग म्हणजे काय रे? म्हणाला, “काका, ए तो जडीबुट्टी.” लेबलावर ‘शिशाची राख’ छापलं असतं तर त्यानंही विकताना दोनदा विचार केला असता. ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना होती, कायद्यानं ती इंग्रजी आणि हिंदीत असायला हवी, तशी होती. गुजराती नाही, मराठी नाही. याच गावात 1931 साली सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करून घेतला होता, मराठी आणि गुजराती दोन्हींसकट.

वैद्यांकडे डबी घेऊन गेलो. ते रागावले नाहीत. शोधन, मारण सगळं समजावलं. धातू शुद्ध करतात, मग पुटं देऊन, म्हणजे पुन्हा पुन्हा भाजून, मारतात, मेलेला धातू बाधत नाही. ऐकायला पटतं, शब्दच तसा आहे. पण प्रयोगशाळेत शिसं जिवंत असो की मेलेलं, मोजणीत येतंच. 2004 मध्ये बोस्टनच्या (पुन्हा बोस्टन!) दुकानांतल्या 70 आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली, 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ते मला छापखान्यामुळे ठाऊक. 2006 पासून निर्यातीच्या मालाला धातूंची चाचणी सक्तीची झाली आणि गिऱ्हाइकं धावत आली, ‘हेवी मेटल्स विदिन परमिसिबल लिमिट्स’ एवढी ओळ नव्यानं टाका म्हणून. मीच बसवली ती ओळ, सहा पॉइंटाच्या बारीक अक्षरात. मी वैद्यांना विचारलं, या बॅचचा रिपोर्ट? म्हणाले, कंपनीकडे असेल. मग जरा थांबून म्हणाले, “तुमच्या किडनीचा रिपोर्ट माझ्यासमोर नाही. साधा योगराज घ्या, त्यात भस्मं नसतात.” डबी परत घेतली, फरकाचे 180 रुपये मोजून दिले. म्हणून फक्त अर्धाच गुण कापलाय. पण हे मी विचारल्यावर. भिंग नसलेल्या गिऱ्हाइकाचं काय?

आणि माझेही हात काही स्वच्छ नाहीत. एकदा एका खोकल्याच्या औषधाच्या मालकानं खोकं आणलं, म्हणाला काहीतरी कमी वाटतंय. मी म्हणालो, वर संस्कृत श्लोक टाका, जरा वळणदार अक्षरात, आणि खाली इंग्रजीत ‘क्लिनिकली टेस्टेड’. वर ऋषी, खाली पांढरा कोट. त्याला एवढं आवडलं की त्यानं मिठाई पाठवली. श्लोक कुठला, कशाबद्दल, दोघांनीही विचारलं नाही. ‘बरा होतो’ मात्र छापत नसू. मधुमेहासारख्या रोगांबाबत तसा दावा जाहिरातीत करायला 1954 च्या कायद्यानं मनाई आहे. म्हणून ‘सहायक’, ‘उपयुक्त’ असे शब्द. ‘सहायक’ हा या धंद्यातला सगळ्यात मेहनती शब्द आहे. आणि उलटा नमुना बघायचा तर आपला डाबर. कोलकत्याचे डॉक्टर बर्मन, 1884. ‘डाक्टर’मधला डा आणि ‘बर्मन’मधला बर. आयुर्वेदाच्या डब्यावर एवढी वर्षं डाक्टर बसलेला आहे, कोणाच्या लक्षातही येत नाही.

काउंटरबद्दल अजून एक. निर्गुडीचं चूर्ण 100 ग्रॅम 90 रुपये. शेजारी कॅप्सूल, 60 नगांची बाटली, 340 रुपये, वर ‘व्हायटेक्स नेगुंडो एक्स्ट्रॅक्ट’. मुलगा म्हणाला ती विदेशी आहे. अरे, नेगुंडो म्हणजे आपली निर्गुंडीच! गोव्यात 1563 साली छापलेल्या पोर्तुगीज पुस्तकात गार्सिया द ओर्ता यांनी ‘नेगुंडो’ म्हणून तिच्यावर लिहिलंय, तेच नाव पुढे लॅटिनमध्ये गेलं. इथूनच गेली, टोपी घालून परत आली, आणि अडीचशे रुपयांनी महाग झाली. गुजरातीत तिला नगोड म्हणतात, आणि आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणाला ती फुकट उगवलेली आहे.

गुण आला का? आला. सात दिवसांनी हात कानाच्या वर गेला. आज पाच महिन्यांनी कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत पोचतो, तिसरीपर्यंत नाही, पाठीमागे अजून अडतो. पण श्रेय कोणाला द्यायचं मला कळत नाही. हॉस्पिटलच्या फिजिओ मुलीनं ‘कॉडमन्स पेंड्युलम’ शिकवला होता, वाकून हात लोंबता सोडून झुलवायचा, हातात किलोभर वजन. मी पाण्यानं भरलेला तांब्या घेतो. तिचाच दुसरा व्यायाम ‘वॉल क्लाइंबिंग’. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं एकेक करून वर चढवायची. तो शिकवत होती तेव्हा मी तिला म्हणालो, हा माझ्या मावशीचा आहे. तिला वाटलं मावशीही पेशंट आहे.

कामाचं: वेळ सकाळी साडेदहा ते एक, संध्याकाळी पाच ते आठ, रविवारी बंद. गाडी लावायला जागा नाही, रिक्षानं जा. पडदे स्वच्छ, चादर प्रत्येकाला बदलतात, जुना सदरा घालून जा. पॅकेज घेण्याआधी बिलातल्या प्रत्येक ओळीचा साध्या भाषेत अर्थ विचारा, वैद्य सांगतात, फक्त विचारावं लागतं. डबी घेतली तर काउंटरवरच वाचा. रक्तातली साखर आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून कागद सोबत न्या.

मावशीला सगळं सांगितलं, दोन्ही नावांसकट. तिनं अवबाहुक एकदा म्हणून पाहिलं, दुसरं म्हणायच्या फंदात पडली नाही. विचारलं, “मिळून किती घालवलेस?” औषधं, एक्स-रे, फिजिओ धरून साडेअकरा हजार, म्हणालो. “आणि माझी फी?” तिला शेवउसळ हवी होती, तर्री वेगळी बांधून, पाव चार.